दाराखालून आलेली चिठ्ठी : जिल्हा शल्यचिकित्सक, अधिसेविका आणि आरोग्य खात्यात निर्णय घेणाऱ्या सर्वांना खुलं पत्र

माननीय महोदय आणि महोदया,

स. न. वि. वि.

27 वर्षं मी रुग्णालयाच्या ग्रंथालयात काम केलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कुठल्या रुग्णालयात होते ते लिहीत नाही, कारण हे पत्र कुणा एका संस्थेबद्दल नाही. मागणी सुरुवातीलाच सांगते, म्हणजे ज्यांना वेळ कमी आहे त्यांना शेवटापर्यंत थांबावं लागणार नाही. राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्मचाऱ्यांसाठी चालतं ग्रंथालय हवं. तिथे प्रशिक्षित ग्रंथपाल हवा. आणि डॉक्टरांइतकंच ते अधिपरिचारिकांना, औषधनिर्मात्यांना, प्रयोगशाळेतल्या आणि एक्स-रेच्या तंत्रज्ञांनाही मोकळं हवं.

ही मागणी मनात कशी रुजली ते एका चिठ्ठीपासून सांगावं लागेल.

पावसाळ्यातला सोमवार होता. सकाळी कुलूप काढून दार ढकललं तर पायाशी केसपेपरचा फाडलेला तुकडा. रात्री कुणीतरी दाराखालून आत सरकवला होता. घाईघाईत लिहिलं होतं : "फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमधून चालेल का? रात्रीचे 2. वॉर्डात कळवा." खाली सहीऐवजी नुसतं 'सिस्टर' आणि वॉर्डचा नंबर.

उत्तर सोपं आहे. चालत नाही. फेनिटॉइन हे फिट थांबवायचं औषध. डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाइनमध्ये, त्याचे कण तयार होऊन खाली बसतात. ते नॉर्मल सलाइनमधूनच द्यायचं, आणि मोठ्या माणसाला मिनिटाला 50 मिलिग्रॅमच्या वर वेग जाऊ द्यायचा नाही, नाहीतर रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात. हे सगळं लिहिलेलं पुस्तक माझ्या खुर्चीमागच्या कपाटात होतं. सिस्टर आणि ते पुस्तक यांच्यामध्ये दोन जिने आणि एक कुलूप होतं.

मी तशीच वॉर्डात गेले. सिस्टर रात्रपाळी संपवून निघत होत्या. रात्री त्यांनी हात आवरता घेतला होता आणि रजिस्ट्रारना फोन लावत राहिल्या होत्या. ते कॅज्युअल्टीत अडकलेले. पाऊण तासानं फोन लागला, मग औषध सलाइनमधून सुरू झालं. ऊसतोडणीवरचा तरुण पेशंट होता, सकाळी उठून चहा पीत बसला होता. सिस्टर मला म्हणाल्या, "मॅडम, दिवसा आम्हाला यायला वेळ नाही आणि रात्री तुम्ही नसता." त्या रागावून बोलल्या नव्हत्या, पण ते वाक्य मी आजवर विसरले नाही.

त्याच आठवड्यात ग्लोव्ह्जचा एक रिकामा खोका दाराबाहेर टांगला, वर लिहिलं 'प्रश्न टाका'. रोज सकाळी खोका उघडायचा, दुपारपर्यंत उत्तर शोधायचं, खाली कुठून घेतलं ते लिहायचं आणि वॉर्डात पोचवायचं, एवढाच नियम. पहिले काही दिवस खोका रिकामा राहिला, कारण प्रश्न विचारला तर आपल्याला येत नाही असं दिसेल ही भीती रुग्णालयात फार खोल असते. मग मी चिठ्ठीवर नाव नको असं लिहिलं, आणि चिठ्ठ्या येऊ लागल्या. इन्शुलिनची उघडलेली बाटली किती दिवस वापरायची? किडनीच्या पेशंटला अमिकासिन किती तासांनी? टीबीच्या गोळ्या चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवावा का? (ठेवू नये. रिफाम्पिसिनमुळे त्यांचा परिणाम कमी होतो, आणि ही गोष्ट बाईला गोळ्या सुरू करतानाच सांगायला हवी.) एका कक्षसेवक मामांनी तर तोंडीच विचारलं, हायपोक्लोराइट हे जंतुनाशक किती पाण्यात किती घालायचं? त्यांना प्रत्येक पाळीला वेगवेगळं सांगितलं जात होतं. बाटलीवर 5 टक्के लिहिलेलं असेल आणि 1 टक्क्याचं द्रावण हवं असेल तर एक मग औषध, चार मग पाणी. मी कार्डावर पाच मगांचं चित्र काढून दिलं. ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी सांडपाण्याच्या खोलीत खिळ्याला अडकवलं. माझ्या नोकरीत सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू कदाचित तीच असेल.

खोक्यातून पुढे निघालं 'सोमवारचं पान'. एकच कागद, एकाच बाजूला मजकूर, मराठीत. त्यात त्या आठवड्यात आलेली एखादी महत्त्वाची वैद्यकीय बातमी, एखाद्या औषधाबद्दलची सूचना, खोक्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं, आणि ग्रंथालयात नवीन काय आलं त्याच्या चार ओळी. हे पान सूचनाफलकावर लावायचं नाही असं मी ठरवलं होतं. सूचनाफलकापुढे कर्मचारी फक्त बदल्यांची यादी लागली की थांबतात. पान लागायचं ड्यूटीरूममध्ये, चहाच्या किटलीच्या वर, कारण तिथे प्रत्येक जण दिवसातून एकदा तरी दोन मिनिटं उभा राहतोच.

अशा पानानं काय होतं ते एका उदाहरणावरून सांगते. एप्रिल 2017 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. बाळंतपणानंतर अति रक्तस्राव झालेल्या 21 देशांतल्या 20,060 स्त्रिया तिच्यात होत्या. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड हे जुनं, स्वस्त औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशानं कमी झाले. तीन तासांनंतर दिलं तर तो फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच वर्षी आपली शिफारस बदलली. सोमवारच्या पानावर हे दहा ओळींत आलं. लेबर रूमच्या परिसेविकांनी, म्हणजे तिथल्या मुख्य सिस्टरांनी, ते पान टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी अधिसेविकांकडे जाऊन विचारलं, हे इंजेक्शन आमच्या ट्रेमध्ये कायम का नाही? स्टोअरमधून मागवायला जो वेळ जातो तो त्या तीन तासांतूनच जातो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या आलं, कारण ट्रे घेऊन धावणाऱ्या त्या होत्या. लेख इंग्रजीत होता, लंडनहून निघाला होता. पण तो नेमका ज्यांच्या हातात पोचायला हवा होता, त्या बी.एस्सी. किंवा जीएनएम झालेल्या, पाळी संपली की मुलांच्या डब्यासाठी घराकडे धावणाऱ्या बायका होत्या.

करोनात तर या पानाचं महत्त्व मला नव्यानं कळलं. 16 जून 2020 ला ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, जास्तीत जास्त 10 दिवस. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचे मृत्यू एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काहीही फायदा झाला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या आठवड्यात जे संदेश फिरले त्यांत औषधाचं नाव होतं, डोसही होता. शेवटचं वाक्य बऱ्याच संदेशांमधून गळालं होतं. मी ते लाल पेननं अधोरेखित करून पान लावलं. पुढे 2021 च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, पेशंट डोळ्याला पट्टी बांधून येऊ लागले. आवाक्याबाहेर गेलेली साखर आणि गरज नसताना किंवा प्रमाणाबाहेर दिलेली स्टिरॉइडं ही त्यामागची दोन मोठी कारणं होती. ग्रंथालयानं हे टाळता आलं असतं असा दावा मी करत नाही. पण गळालेलं एक वाक्य किती महाग पडू शकतं हे मी वॉर्डाच्या दारातून पाहिलं आहे.

"आता सगळं मोबाईलवर मिळतं, ग्रंथपाल कशाला?" हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत ऐकावा लागला, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

2001 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरच्या एका संशोधनात भाग घेतलेली 24 वर्षांची निरोगी तरुणी दगावली. तिला हेक्सामेथोनियम हे औषध श्वासातून दिलं होतं. प्रयोगाआधी संशोधकांनी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या संगणकीय सूचीत, शोध घेतला होता. पबमेडमध्ये त्या वेळी 1966 पासूनचे लेख होते. या औषधानं फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे लेख 1950 च्या दशकातले होते, छापील अनुक्रमणिकांत बसलेले. अनुभवी वैद्यकीय ग्रंथपालाला विचारलं असतं तर त्यानं आधी हेच सांगितलं असतं की 1966 च्या मागे पाहिल्याशिवाय शोध पुरा होत नाही. जगातल्या नावाजलेल्या संस्थेत, उत्तम संगणक असताना हे घडलं. शोधता येणं आणि काय शोधायचं राहून गेलं ते कळणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसरी शिकायला वर्षं जातात.

आता लोक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना विचारतात. माझ्या शेवटच्या वर्षात दोन निवासी डॉक्टर असेच संदर्भ घेऊन आले. लेखकांची नावं, नियतकालिक, खंड, पान, सगळं व्यवस्थित. एक लेख सापडला. दुसरा कुठेच नव्हता, कारण तो कुणी लिहिलाच नव्हता. त्यांना मी दोष दिला नाही. त्यांच्या 24 तासांच्या ड्यूटीत ते पडताळायला बसणार कधी? ते काम माझं होतं, आणि मी ते केलं.

ग्रंथालयानं पेशंटला काय मिळतं हे अमेरिका आणि कॅनडात मोजूनही पाहिलेलं आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 118 रुग्णालयांतल्या सुमारे 16,000 डॉक्टर आणि परिचारिकांनी ग्रंथालयातून मिळालेल्या माहितीबद्दल उत्तरं दिली. त्यातल्या तीन चतुर्थांश लोकांनी सांगितलं की त्या माहितीमुळे पेशंटच्या उपचारात आपण काही ना काही वेगळं केलं. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेनं दर 1,250 कर्मचाऱ्यांमागे एक प्रशिक्षित ग्रंथपाल असावा असं धोरणच ठरवलं आहे. ते श्रीमंत देश आहेत हे मला माहीत आहे. पण ज्ञानाची भूक पैशावर ठरत नाही, हे आपल्याच महाराष्ट्रानं दाखवलं आहे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची आठवण मी आपणांपैकी अनेकांना करून देण्याची गरज नसावी. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः मुलं, फुप्फुसात पाणी होऊन दगावताना त्यांनी पाहिली. त्यांनी नोंदी ठेवल्या, वाचलं, पुन्हा नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं हे मृत्यू रोखता येतात हे 1986 साली 'लॅन्सेट'मधून जगाला सांगितलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांचं घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचं काम 1999 मध्ये त्याच नियतकालिकात आलं, आणि आज देशभरातल्या आशाताई त्या वाटेनं बाळंतिणीच्या घरी जातात. कोकणातलं आरोग्य केंद्र आणि गडचिरोलीतली खेडी जगाला शिकवू शकली. मग तिथून चाळीस किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला जगाचं लेखन वाचायचं असेल तर त्यानं कुठे जायचं?

इथे मी एका राष्ट्रीय योजनेकडे आपलं लक्ष वेधते. 25 नोव्हेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे देशभरातल्या संस्थांसाठी नियतकालिकांची एकत्रित वर्गणी, मंजूर केलं. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये. 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळजवळ 13,000 नियतकालिकं. 6,300 हून अधिक संस्था, 1 कोटी 80 लाखांच्या आसपास विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक. मी आयुष्यभर एकेका नियतकालिकाच्या वर्गणीसाठी फाइली फिरवल्या. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण योजनेचा आधार सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था हा आहे. ज्या जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत शिकवलं जात नाही, फक्त उपचार होतात, ती या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हृदयरोगावरचा ताजा लेख उघडता येईल, आणि तालुक्याला ज्याच्यापुढे हृदयविकाराचा पेशंट आहे त्याला येणार नाही. हे कुणी वाईट हेतूनं केलेलं नाही. आपण मागितलं नाही म्हणून राहून गेलं आहे. राज्याच्या आरोग्य खात्यानं केंद्राकडे हे मागावं, लेखी मागावं.

ते होईपर्यंत एक गोष्ट आपल्याच हातात आहे. 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यात एकदम 10 नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, जालना, हिंगोली, भंडारा ही त्यांतली काही. रुग्णालय तेच, पेशंट तेच, आता वर महाविद्यालयाची पाटीही आली. तिथल्या अधिष्ठात्यांना माझी कळकळीची विनंती आहे : ग्रंथालयाच्या सभासदांची नोंद करताना रुग्णालयातल्या अधिपरिचारिका, तंत्रज्ञ आणि औषधनिर्माते यांची नावं पहिल्याच दिवशी घ्या. नंतर घेऊ म्हटलं की ती राहतात. एका ठिकाणी एका परिसेविकांना दारातच सांगितलं गेलं होतं, "ही विद्यार्थ्यांची लायब्ररी आहे." 22 वर्षं सेवा झालेल्या त्या बाई पुन्हा कधी त्या दारात गेल्या नाहीत.

आणि जे आजही फुकट आहे ते तरी दाखवायला कुणीतरी हवं. पबमेड सेंट्रलवर पूर्ण लेख मोफत वाचता येतात. विंचूदंशावर डॉ. बावस्करांची 2011 ची 70 रुग्णांवरची चाचणी 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं सर्वांना खुली ठेवली आहे. विंचवाचं प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यानं काय फरक पडतो ते ती सांगते, आणि ती महाडमध्येच झालेली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अध्यापकांनी 1955 पासून चालवलेलं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' आणि वैद्यकीय नीतीवरचं मुंबईहूनच निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' विनामूल्य वाचता येतात. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, नेहमीच्या आजारांसाठी एकेका पानाचे उपचार-मार्ग तयार केले आहेत, ते भिंतीवर लावता येतात. औषधाचा दुष्परिणाम कळवायला 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे. मी प्रशिक्षणांत हा क्रमांक विचारायचे तेव्हा चाळीस जणांच्या खोलीत दोन-तीन हात वर यायचे. ही त्यांची चूक नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

खर्चाचं म्हणाल तर मी इमारत मागत नाही. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांना परिचर्या प्रशिक्षण केंद्र जोडलेलं आहे. तिथे पुस्तकांची खोली असतेच, फक्त संध्याकाळी तिला कुलूप लागतं. ती खोली रात्रपाळीसाठी उघडी राहील अशी सोय करा. एक संगणक, एक प्रिंटर, इंटरनेट आणि चार खुर्च्या. जुन्या पुस्तकांची कपाटं मात्र निर्दयपणे रिकामी करा. दहा-बारा वर्षांपूर्वीची औषधसूची कपाटात असणं हे ती नसण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे, कारण रात्री दोन वाजता घाईत असलेला माणूस पुस्तकाचं साल पाहत नाही. तपासणीला संख्या कमी दिसेल म्हणून ती पुस्तकं ठेवली जातात. हे मीही केलेलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आणि एक पद भरा. ग्रंथालयशास्त्र शिकलेली, थोडं वैद्यकीय शोधाचं प्रशिक्षण दिलेली एक व्यक्ती. तिला नोंदवहीत आणि सामानसुमानाच्या हिशेबात अडकवू नका, आठवड्यातून दोनदा राउंडला सोबत न्या. राउंडमध्ये जे प्रश्न "बघू नंतर" म्हणून सुटतात, ते ती टिपून घेईल आणि दुपारी उत्तर घेऊन येईल. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यांतला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. रुग्णालयातल्या वाचकाकडे वेळ कधीच नसतो, म्हणून तो नियम इथे सर्वांत आधी येतो. डॉक्टरांना नोंदणी टिकवायला पाच वर्षांत 30 क्रेडिट तास लागतात, परिचारिकांनाही निरंतर शिक्षणाचे तास भरावे लागतात. त्यासाठीची छोटी सत्रं या खोलीत होऊ शकतात, आणि बाहेरगावी जायला रजा मिळत नाही असं सांगणाऱ्या सिस्टरांना ती आपल्याच इमारतीत मिळतील.

सोमवारची पानं मी 11 वर्षं काढली. साडेपाचशेच्या आसपास आहेत, सगळी दोन फाइलींत लावून ठेवली आहेत. त्यांतली काही आता जुनी झाली, त्यांवर मी तसं लिहिलंय. ज्या रुग्णालयाला हवी असतील त्यांना प्रती काढून देईन. पहिले तीन महिने पान कसं काढायचं हे शिकवायलाही येईन, मानधन नको, प्रवास माझा मी करेन. फक्त येण्याआधी दाराबाहेर एक खोका टांगून ठेवा, आणि त्यावर लिहा की चिठ्ठीवर नाव लिहायची गरज नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त रुग्णालय ग्रंथपाल